तांबडी कुणाकडे बघते

फ्रेमवाल्याला मुकाट्याने फ्रेम करता येत नसे. पट्टी कापताना हात जेवढा चाले त्याच्या दुप्पट तोंड चाले, आणि गिऱ्हाइकाने आणलेल्या चित्राचा अर्थ त्याला सांगितल्याशिवाय हा माणूस ते चित्र परत देत नसे. अर्थ फुकट होता. एकदा दातांच्या एका डॉक्टरने पदवीचं प्रमाणपत्र बसवायला आणलं, तर त्याचंही विवेचन झालं: शिक्का खाली उजवीकडे आहे, म्हणजे पाय जमिनीवर आहेत, पण सही बघा कशी वर उडालीय, म्हणजे मनात अजून काहीतरी आहे. डॉक्टर विचारातच घरी गेला. पुढे त्याने दवाखाना बंद करून मधमाश्या पाळल्या. फ्रेमवाला याचं श्रेय घेत नसे, पण नाकारतही नसे.

जनावरांची चित्रं हा त्याचा खास प्रांत. बैल म्हणजे कष्ट. शेळी म्हणजे हट्ट. मेंढ्या पुष्कळ असल्या तर समाज, आणि एकच असली तर समाजाने टाकलेली. कोंबडा असेल तर तो चित्रकाराचा मेहुणा, हे तो खात्रीने सांगायचा आणि बऱ्याचदा ते खरं निघायचं. गाय मात्र अवघड. गाईत काहीही बसतं, त्यामुळे गाईच्या बाबतीत माणसाने जपून बोलावं, असं तो म्हणायचा आणि मग तासभर बोलायचा.

त्याचा थोरला भाऊ डेअरीचा टँकर चालवायचा. त्याला सगळे दादाच म्हणत. टँकरच्या मागे बसणारा मदतनीस त्याच्याहून वयाने मोठा होता, तोही. दादाचं घर वस्तीच्या कडेला, घरामागे अंगण आणि अंगणात एक गाय. रंगाने तांबडी म्हणून नाव तांबडी. दादाची कल्पनाशक्ती तेवढीच होती आणि त्याला ती पुरत होती. सुट्टीच्या दिवशी तो जाड कागदावर जनावरं रंगवायचा. जनावरं हुबेहूब उतरायची. माणूस काढायला गेला की मात्र तो खुंटीला टांगलेल्या कोटासारखा दिसायचा, म्हणून दादा माणसांच्या वाटेला जात नसे.

"तुमच्या चित्रात यायचं तर मला शिंगंच फुटायला हवीत," असं वहिनी म्हणायची.

वहिनीला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. 'शिंगं फुटायच्या आतच गेली,' असं फ्रेमवाला एकदा बोलून गेला होता. दादा त्यावर हसलाही होता, पण जरा उशिरा.

शहरातल्या कलादालनाने 'गाव आणि जनावरं' असं प्रदर्शन भरवायचं ठरवलं तेव्हा सगळ्या फ्रेमांचं काम याच्याकडे आलं. दालनाच्या प्रमुख मॅडमच्या हातात कायम एक चष्मा असे. तो डोळ्यांवर कुणी कधी पाहिला नव्हता. त्या चष्म्याने हवेत मोठा चौकोन काढून त्या म्हणाल्या, "मला गावची खरी चित्रं हवीत. शिकलेल्या माणसांची नकोत."

"माझा दादा अजिबात शिकलेला नाही," फ्रेमवाला अभिमानाने म्हणाला, आणि तडक दादाच्या घरी गेला.

"माझं कशाला?" दादा म्हणाला. "घरातली चित्रं ती."

"अरे, घरातलीच लागतात हल्ली. दे एक. चांगलंसं."

दादा नको म्हणत राहिला. धाकट्याने पिच्छा सोडला नाही. दादाचं पाणी, चहा, पुन्हा पाणी, सगळं झालं, तरी हा उठेना. तेव्हा कंटाळून म्हणा किंवा लाजत म्हणा, दादाने कपाटावरून एक गुंडाळी काढली. दोरी सोडली, बघितली, पुन्हा बांधली.

"हे ने. पण एकच आहे हं. जप."

फ्रेमवाल्याला वाटलं, प्रत्येक जण असंच म्हणतो. त्याच्या दुकानात आजवर 'हे एकच आहे' म्हणून आलेल्या चित्रांत कॅलेंडरं सुद्धा होती.

दुकानात त्याने गुंडाळी उलगडून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. संध्याकाळ. गवत. तांबडी आडवी उभी, पुढ्यात रिकामं टोपलं, मान उजवीकडे वळलेली आणि कान पुढे आलेले. दादाने गाय अशी काढली होती की तिच्या नाकातली ओल दिसावी. तिच्यापासून उजव्या कडेपर्यंत चार बोटं नुसतं गवत, आणि गवताच्या अगदी टोकाला एक निळसर डाग. ब्रश झटकताना उडाला असावा. त्याच्या बाजूला एक राखाडी ठिपका. तोही उडालेलाच.

आता गोष्ट अशी होती की दुकानात एक तयार फ्रेम पडून होती. अस्सल लाकडाची, बारीक नक्षीची. एका जोडप्याने लग्नाच्या फोटोसाठी आगाऊ करवून घेतली होती, मग लग्नच मोडलं, आणि फ्रेम न्यायला दोघांपैकी कुणीच आलं नाही. एवढी देखणी फ्रेम आपल्या दादाच्या चित्राला मिळावी असं त्याला मनापासून वाटलं. यात लबाडी नव्हती. उलट इतर कुणासाठी त्याने ती काढली नसती. फक्त चित्र फ्रेमपेक्षा चार बोटं रुंद होतं.

त्याने चित्राकडे बघितलं. मग अर्थाकडे बघितलं. गाय उजवीकडे बघतेय आणि उजवीकडे काहीच नाही, म्हणजे हे गवत निव्वळ भरताड. तेच काढून टाकलं तर गाईची नजर चौकटीच्या बाहेर जाईल. नजर बाहेर गेली की बघणारा अडकतो. हा विचार त्याला इतका आवडला की त्याने तो एकट्यानेच मोठ्याने बोलून दाखवला. मग लोखंडी पट्टी ठेवली आणि सुरी एका दमात वरून खाली ओढली. कापताना त्याचा हात कधीच थरथरला नव्हता.

काच चित्राला चिकटू नये म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांत आतल्या बाजूने जाड कागदाचे बारीक तुकडे चिकटवावे लागतात. प्रदर्शनाच्या गडबडीत दुकानातला जाड कागद संपत आला होता. त्याने ती चार बोटांची पट्टी घेतली, तिचे नखाएवढे तुकडे केले, डिंक लावला आणि त्या दिवशीच्या सगळ्या फ्रेमांच्या कोपऱ्यांत बसवून टाकले. काटकसर ही त्याच्या धंद्यातली गोष्टच होती.

प्रदर्शन सुरू झालं आणि तांबडीने ते मारून नेलं.

दोन बैलजोड्या, कोंबडे, एक अतिशय खिन्न गाढव, मेंढ्या, पाण्यात डुंबणारी म्हैस, असं पुष्कळ होतं. पण लोक तांबडीसमोर येऊन थबकायचे. चित्राला नाव नव्हतं, म्हणून मॅडमनी स्वतःच ते 'प्रतीक्षा' असं ठेवलं होतं आणि शेजारी एक पाटी लावली होती: 'मावळता प्रकाश उतरत्या वयाचं सूचन करतो. रिकामं टोपलं म्हणजे उजाड होत चाललेलं गाव. गाईची नजर चौकटीबाहेरच्या त्या गोष्टीवर आहे, जी येणार नाही.'

ती गोष्ट कुठली यावर दालनात रोज वाद व्हायचे. वासरू, असं बहुतेकांचं मत. एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले, खाटीक. शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने बस असं सांगितलं. एक गृहस्थ बराच वेळ उभे राहून, "ती माझ्याकडेच बघतेय," म्हणाले आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसले.

मॅडमनी फ्रेमवाल्याला चार शब्द बोलायला सांगितलं. चार शब्दांवर तो कधी थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "मंडळी, चित्रात जे नाही ते बघायला शिका," असं म्हणून त्याने सुरुवात केली आणि कान, खूर, शेपटी असा प्रत्येक अवयव घेऊन त्यातलं दुःख बाहेर काढून दाखवलं. शेवटी टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोनेही वाजवल्या. ती घरी जाताना म्हणाली, "अहो, त्या गाईला एवढं दुःख आहे हे तिला तरी ठाऊक आहे का?"

"जनावराला ठाऊक नसतं, म्हणून तर ते चित्रात येतं."

"बरं बरं. कुलूप नीट लावलंत ना दुकानाला?"

दादाला मात्र टँकरच्या फेऱ्यांमुळे यायला सवड झाली नव्हती. सुट्टीच्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. दारातच मॅडमनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, तेव्हा तो सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा उभा राहिला. मग धाकट्याच्या मागे मागे चित्रापाशी गेला.

दादाने तांबडीकडे बघितलं. मग तांबडी जिकडे बघत होती तिकडे, फ्रेमच्या उजव्या काठाकडे बघितलं. मग त्याच्या पलीकडच्या पांढऱ्या भिंतीकडे. त्याने भिंतीला हात लावून बघितला.

"ही कुठे गेली रे?"

"कोण?"

"ही. तुझी वहिनी."

फ्रेमवाल्यानेही भिंतीकडे बघितलं. दादा कशाबद्दल बोलतोय, ते त्याला अजून कळलं नव्हतं.

"इथे उभी होती ना," दादा हळूच म्हणाला, दालनात मोठ्याने बोलू नये म्हणून. "बादली घेऊन. निळा स्वेटर होता बघ तिचा, तो घालून. मला माणूस येत नाही म्हणून लांब काढली, पाठमोरी. ती आल्याशिवाय तांबडी दूध द्यायची नाही. पावलं वाजली की अशीच मान वळवायची." मग किंचित हसून, "उभी केली तर सारखी ओरडत होती. 'आटपा लवकर, गॅसवर दूध आहे.' दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मग परत कुठली यायला."

निळसर डाग. राखाडी ठिपका.

माणसाच्या पायाखालची जमीन सरकते तेव्हा त्याने निदान गप्प बसावं. पण ही कला फ्रेमवाल्याने कधी शिकलीच नव्हती.

"मागे आहे," तो म्हणाला.

"मागे?"

"फ्रेमच्या आत. मागे वळवून ठेवलीय. फ्रेम लहान पडली ना, म्हणून तेवढा भाग मागे घेतला."

"घडी पडली असेल मग."

"घडी कसली! गोल वळवलीय. प्रदर्शन संपलं की काढून देतो, मोठ्या फ्रेममध्ये घालून."

दादाचा जीव भांड्यात पडलेला दिसला. त्याने फ्रेमच्या काठावरून एक बोट फिरवलं, एखाद्या झोपलेल्या मुलाच्या पांघरुणावरून फिरवावं तसं. "बरं. आत आहे ना, मग झालं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून दादा रोज यायला लागला. फेरी संपली की टँकर दालनाबाहेर उभा करायचा, चप्पल दारात काढायचा (तशी काही पद्धत नव्हती) आणि तांबडीसमोरच्या बाकावर बसायचा. कुणी विचारलं, "ही गाय काय बघतेय हो?" तर साधेपणाने सांगायचा, "मागे आहे ती."

मॅडमनी हे ऐकलं आणि त्यांच्या हातातला चष्मा खाली पडला.

"मागे आहे ती!" त्या फ्रेमवाल्याला बाजूला घेऊन म्हणाल्या. "म्हणजे चित्राचा एक भाग चित्राच्या पाठीमागे आहे? मुद्दाम?"

"तसं... हो."

"आणि तुम्ही हे इतके दिवस बोलला नाहीत?"

फ्रेमवाला आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट बोलला नव्हता, आणि त्याबद्दल त्याला बोलणी बसत होती.

पाटी बदलली. 'या चित्रातलं सर्वांत महत्त्वाचं पात्र आपल्याला दिसत नाही,' असं वाक्य आलं. लोक भिंतीला गाल लावून फ्रेमच्या मागे डोकवायला लागले. काहींना तिथे काहीतरी दिसलंही. निवृत्त न्यायाधीशांनी खाटकाचं मत मागे घेतलं. गर्दी इतकी वाढली की मॅडमनी जाहीर केलं: शेवटच्या दिवशी सकाळी सर्वांसमोर फ्रेम उघडायची आणि मागचा भाग दाखवायचा. हे फ्रेम करणाऱ्याच्याच हातून व्हावं, म्हणजे भावाच्या हातून. दादाला तर ही कल्पना फारच आवडली.

"तिला माणसांत यायला आवडायचं," तो म्हणाला. "मी कुठे नेली नाही कधी. टँकर सुटायचा नाही."

आता वहिनी कुठे होती हे फ्रेमवाल्याला पुरतं ठाऊक होतं. ती त्याच दालनात होती, भिंतीभर, नखानखाएवढी. त्या दिवशी ज्या ज्या फ्रेमा झाल्या त्यांच्या कोपऱ्यांत ती बसली होती. म्हणून 'काचा आतून धुरकटल्यात' असं मॅडमना सांगून तो रोज दुपारी दालन बंद असताना एकेक चित्र उतरवायचा, जमिनीवर पालथं घालायचा आणि मागचे खिळे काढायचा.

खिन्न गाढवाच्या कोपऱ्यांत गवत निघालं. म्हशीपाशी गवत. एका बैलजोडीत गवत आणि आकाशाचा तुकडा. इतकं गवत दादाने एकेक पातं करून काढलं होतं हे त्याला तेव्हा दिसलं. भरताड म्हणून कापलं तेव्हा ते सगळं एकसारखं हिरवं होतं. कोंबड्याच्या मागे बादली सापडली. अख्खी, कडीसकट, पत्र्यावर उजेडाची बारीक रेघ मारलेली. ती बघून तो तिथेच फरशीवर बसून राहिला. राखाडी ठिपका म्हणे!

निळा तुकडा मेंढ्यांच्या फ्रेममध्ये होता. लाकडाच्या फटीतून स्वेटरची कडा दिसत होती. त्याने सुरीचं टोक खाली घातलं आणि अगदी हलक्या हाताने उचललं. पण या तुकड्याला डिंक लावताना त्याने रंगाची बाजू लाकडाकडे केली होती, आणि डिंक चांगला होता. तो डिंक तो स्वतः उकळायचा. एकदा लागला की सुटत नाही, असं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. कागद फाटत वर आला. कोरा, पांढरा. निळा रंग लाकडावरच राहिला, त्याला ना डोकं ना पाय. बोटाने चाचपला तर तोही भुकटी होऊन निघाला.

त्याने मेंढ्या परत भिंतीवर लावल्या. जरा तिरक्या लागल्या. सरळ केल्या नाहीत.

मग दुसरा उपाय. जाड कागदाची चार बोटं रुंद पट्टी कापायची, गवत काढायचं आणि गवतात वहिनी. तिला चेहरा नकोच होता, पाठमोरीच तर होती. अंगठ्याएवढी बाई, निळा स्वेटर, बादली. हे कुणालाही जमेल. त्याने गवत काढलं, ते बऱ्यापैकी जमलं. मग ब्रश निळ्यात बुडवला आणि हात तसाच अधांतरी राहिला.

संध्याकाळी त्याने बायकोला दुकानात बोलावलं.

"वहिनी कशी उभी राहायची गं?"

"कशी म्हणजे? पायांवर."

"थट्टा नको. नीट सांग."

थट्टा नको हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिने त्याच्याकडे, पट्टीकडे, निळ्या रंगाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती कोपऱ्यातली फरशी पुसायची बादली उचलून दुकानाच्या मधोमध पाठ करून उभी राहिली.

"अशी. मोकळा हात कमरेवर."

"छे. हात कमरेवर नसायचा."

"मग कुठे असायचा?"

"खाली. खाली सोडलेला."

"हात खाली सोडून तुमची वहिनी फक्त फोटोत उभी राहायची, आणि फोटोत डोळे मिटायची. मान जरा डावीकडे, नाही का?"

"तू सांग."

"अहो, ती मला समोरून दिसायची. मी कशाला तिची पाठ बघत बसू?"

मग त्याने बादली घेतली आणि तो उभा राहिला. मग पुन्हा ती. बाहेरून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने काचेतून आत बघितलं: एक प्रौढ जोडपं आळीपाळीने बादली घेऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहतंय. गिऱ्हाईक पुढे निघून गेलं.

इतकी वर्षं तो त्या घरात जात होता. आठवायला गेला तर एक कप आठवत होता, आणि कपाला धरलेली बोटं. कप त्याच्या समोर यायचा, तो बोलत असायचा. बोलता बोलता कप घ्यायचा. मग तीच बोटं रिकामा कप न्यायची. उठून जाताना तिची पाठ त्याच्यासमोर असणारच, कितीतरी वेळा. पण तेव्हा तो बोलत असायचा. बहुतेक कुठल्यातरी चित्राबद्दल.

त्याने एक निळी बाई काढली. ती खुंटीला टांगलेल्या कोटासारखी झाली. पुसून दुसरी काढली, ती गॅसच्या सिलेंडरसारखी.

"राहू द्या," बायको म्हणाली. "भाऊजींना सांगून टाका. सगळ्यांसमोर उघडायच्या आत."

शेवटच्या दिवशी सकाळी तो दालनात गेला. खिळे गंजलेत, आधी दुकानात नेऊन सैल करून आणतो, असं मॅडमना सांगितलं आणि चित्र उतरवून काखेत मारून घेऊन आला. दादाला निरोप धाडला, परस्पर दुकानात ये. दादा टँकर घेऊन आला. आज शर्टावर त्याने जाकीटही चढवलं होतं.

"बस, दादा."

"उशीर होईल रे. मॅडम वाट बघतील."

"दादा, ती मागे नाहीये."

दादा बसला.

फ्रेमवाल्याने सगळं सांगितलं. तयार फ्रेम, चार बोटं, सुरी, डिंक, गाढव, म्हैस, मेंढ्या. इतकं सपाट त्याने आजवर काहीच सांगितलं नव्हतं. मध्येच एकदा, "मला वाटलं, नजर बाहेर गेली तर..." असं त्याने सुरू केलं, आणि ते तिथेच सोडलं.

दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "उघड."

खिळे काढले, पाठचा पुठ्ठा काढला, चित्र बाहेर घेतलं. दादाने ते मांडीवर आडवं ठेवलं आणि उजव्या काठावरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला.

"कापलंयस मात्र सरळ," तो म्हणाला.

त्याने आवाज चढवला असता, टेबलावरची काच फोडली असती, तर फ्रेमवाल्याला बरं वाटलं असतं. तो उठला, कपाटातून एक आगपेटी आणली आणि दादाच्या हातात दिली. आत बादली होती.

दादाने ती बोटाच्या टोकावर घेतली आणि दाराच्या उजेडात धरली. "आमचीच आहे," म्हणाला. "कडी वाकडी होती तिची." थोड्या वेळाने म्हणाला, "हात नाही आला."

"नाही."

"कडीवर हात होता."

"दादा, मी मोठी फ्रेम करतो. पहिल्या मापाची. उजवीकडे तेवढी जागा कोरी ठेवू. बादली तिथेच बसवू, जिथल्या तिथे. म्हणजे बघणाऱ्याला..."

"नको," दादा म्हणाला. रागाने नाही, चहा नको म्हणावं तसं. "तुला आता काही सुचू देऊ नकोस."

तिकडे दालनात लोक जमले होते. भिंतीवर नुसता खिळा होता आणि मॅडम त्याच्याकडे बघत सगळ्यांना शांत राहायला सांगत होत्या. ते लोकांनी चांगलं एक तासभर पाळलं असं नंतर कळलं.

दादाने बादली आगपेटीत ठेवली, आगपेटी शर्टाच्या खिशात, टँकरच्या परवान्यासोबत. चित्राची गुंडाळी केली. दोरी सापडेना, तर धाकट्याने दिली.

"पुन्हा काढ ना रे," फ्रेमवाला म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला ते किती पोकळ आहे ते ऐकू आलं. तरी पुढे बोलला. "तुला आठवत असेल ना, कशी उभी राहायची. तू तर रोज बघायचास."

दादा दारापर्यंत गेला होता. जाकिटात त्याला उकडत असावं. त्याने ते काढून हातावर टाकलं.

"रोज बघायचो," तो म्हणाला, "म्हणून कधी नीट बघितलं नाही. ती आजारी पडली तेव्हा लक्षात आलं, डोळे मिटले की दिसत नाही नीट. म्हणून तर काढली होती."

मग टँकरची वेळ झाली म्हणून तो गेला. टँकर मागे घ्यायला ती गल्ली अरुंद होती. फ्रेमवाला बाहेर येऊन, नेहमीसारखा, हाताने इशारे करत उभा राहिला: ये, ये, ये, डावीकडे, बस.